शेजारच्या हातचा घास

थोरली नुसती नावाची थोरली नव्हती. दोन भावांच्या एकत्र संसारातली मोठी सून म्हणून घरात ती थोरली. पण गल्लीतले लोकही तिला थोरलीच म्हणत, आणि चर्चमधली तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. तिचं खरं नाव बहुधा तिच्या नवऱ्याला आठवत असेल, पण ते तोंडातून काढायची त्याचीही छाती नव्हती.

खाली बेकरी, वर दोन्ही भावांची बिऱ्हाडं. थोरला पुढे दुकानात बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा. त्याला एका कानाने कमी ऐकू यायचं, पण गप्पांत ते कधी आड आलं नाही. धाकटा गाडी घेऊन दुकानादुकानांतून पाव पोचवायचा. मागची भट्टी मात्र थोरलीची. पीठ नुसतं दोन बोटांनी दाबून ती सांगायची, अजून मळा किंवा आता पुरे. ती चुकायची नाही, आणि आपण चुकत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. तोंडावर म्हटलं तर तिला राग येईल, पण तिच्या दुखण्याचं मूळ तिथेच होतं.

ते दुखणं चर्चच्या सगळ्या मंडळीला दर रविवारी दिसायचं, फक्त ते दुखणं आहे हे कुणाला कळत नव्हतं.

त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत पाव वाटून खाण्याची, एक जुनी रीत होती. मेजावर एकच मोठा गोल पाव ठेवायचा. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, तो मोडून पुढच्या रांगेत द्यायचा आणि मग तो हातोहात मागे जायचा. पण कुणीही आपला तुकडा आपण तोडून घ्यायचा नाही. शेजारच्याने तोडायचा, तुमच्या तळहातावर ठेवायचा. तो खाल्ला की पाव हातात घेऊन तुम्ही पुढच्याला तोडून द्यायचा. आता मंडळी म्हटली की भांडणं आलीच. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं नेमकी शेजारी आली की तुकडा मुंगीला पुरेल एवढाच तुटायचा. पण द्यावा लागायचा आणि घ्यावाही लागायचा.

हा पाव वर्षानुवर्षं थोरलीच्या भट्टीतून येत होता. ती तो स्वतः मळायची, स्वतः भाजायची, पांढऱ्या कापडात गुंडाळून स्वतः चर्चच्या बाजूच्या खोलीत नेऊन ठेवायची. मग सगळ्यात मागच्या बाकावर, दाराला लागून बसायची, आणि पाळकांनी पाव हातात घेतला की हळूच उठून बाहेर पडायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "भट्टी बघायला गेले होते." रविवारी भट्टी बंद असते हे गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. पण थोरलीशी वाद कोण घालणार?

धाकटीच्या, म्हणजे तिच्या जावेच्या, हाताचं ते झाल्यापासून तिने तो पाव एकदाही तोंडात घातला नव्हता.

झालं होतं ते असं. पीठ मळायच्या मशीनवर जाळीचं झाकण होतं. झाकण उचललं की आतला खटका पडायचा आणि मशीन थांबायचं. हे थांबणं थोरलीला सोसवत नसे. भांड्याच्या कडेला चिकटलेलं पीठ मशीन चालू असतानाच हाताने खाली ढकललं की काम झपाझप होतं, असा तिचा हिशेब. म्हणून तिने तो खटका तारेने आवळून टाकला होता. आता झाकण उघडं असलं तरी मशीन आपलं फिरतंय. धाकटी तेव्हा घरात नवीन होती. तिला भीती वाटली, तिने तसं सांगितलंही. थोरली म्हणाली, "एवढं काय घाबरायचं? मी रोज घालते हात. घाल."

धाकटीने हात घातला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली, मधलं कायमचं ताठ झालं.

तपासणीचे साहेब दवाखान्यात आले तेव्हा थोरली खाटेशी उभी होती. बेकरीचं लायसन तिच्या नावावर होतं. खटका मालकिणीने बांधला हे कळलं असतं तर बेकरीला कुलूप लागलं असतं आणि थोरलीला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या असत्या. तोंड उघडायला म्हणून तिने श्वास घेतला, तेवढ्यात बँडेजमध्ये गुंडाळलेला हात छातीशी धरून धाकटी म्हणाली, "खटका मीच बांधला होता साहेब. घाई होती." साहेब धाकटीवरच डाफरले आणि निघून गेले. दार लागल्यावर धाकटी एवढंच म्हणाली, "झालं ते झालं, ताई. मी मनातून काढून टाकलंय. तुम्हीही काढा."

थोरलीने कसलं काढायला! जळला तरी सुंभाचा पीळ जात नाही, तशातली ती. एवढं मोठं देणं कुणी आपल्या पदरात टाकावं आणि आपण ते मुकाट्याने घ्यावं, हे तिच्या स्वभावात बसत नव्हतं. तिने मनाशी ठरवलं, हे फेडायचं. तार त्याच दिवशी कापून फेकली आणि दुसऱ्या दिवसापासून धाकटीची सगळी कामं आपल्या अंगावर घेतली. धाकटीची वेणी थोरली घालणार, धाकटीची भांडी थोरली घासणार, तिच्या ताटातलं थोरली चिरून देणार. बेकरीत धाकटी आली की, "तू बस गं, मी आहे ना." जखम केव्हाच भरली, पण थोरलीचं फेडणं काही सरेना. आणि फेडून होईपर्यंत देवाच्या मेजावरचं काही घ्यायचं नाही, हा तिचा पण. स्वच्छ होऊन जाईन, मग खाईन.

यावर कळस म्हणजे लोकांचं कौतुक. उपासना संपली की बाया धाकटीला घेरून म्हणायच्या, "जाऊ असावी तर अशी. नशीबवान आहेस." खटक्याची खरी गोष्ट दोघींशिवाय कुणालाच माहीत नव्हती. ते कौतुक थोरलीच्या कानात उकळत्या तेलासारखं पडायचं आणि घरी जाऊन ती धाकटीचे धुतलेले कपडे पुन्हा धुवायची.

नवे पाळक वयाने लहान होते पण डोळे उघडे ठेवणारे होते. एका दुपारी ते बेकरीत आले आणि बसायला दुसरं काही न दिसल्याने मैद्याच्या पोत्यावर बसले. थोरली साच्यांना तेल लावत होती. तिने हात थांबवला नाही.

"काकू, रविवारी मध्येच कुठे जाता?"

"भट्टी बघायला."

"रविवारी भट्टी बंद असते."

"म्हणूनच बघावी लागते."

पाळक हसले. मग जरा थांबून म्हणाले, "धाकट्या काकूंचं तुम्ही एवढं करता. ते कधी पुरं होणार?"

"पुरं झालं की कळेल."

"कुणाला?"

थोरलीने साचा आपटून खाली ठेवला. "मागच्या रविवारी तुम्ही जे सांगितलंत ते मी ऐकलं, पाळकसाहेब. देव माणसाला नीतिमान ठरवतो ते त्याचं काम बघून नाही, नुसत्या विश्वासावर. कृपा फुकट मिळते. छान बोललात. पण या दुकानात फुकट फक्त जळका पाव मिळतो."

"तो मिळवायला काय करावं लागतं?"

"काय करायचंय? हात पुढे करायचा."

"एवढंच ना?"

"हे तुमचं एवढंच मला जमत नाही," थोरली म्हणाली. "रिकामा हात मी कुणापुढे केलेला नाही. देवापुढे तर नाहीच. मी फेडीन आणि मग येईन."

"न फिटणारं असलं तर?"

"तर फेडत राहीन."

सांगायचं ते पाळकांचं सांगून झालं होतं आणि समोरची बाई भिंतीसारखी उभी होती. ते उठले आणि पाठीमागून मैद्याने पांढरेफटक होऊन रस्त्याने गेले. थोरलीने ते पाहिलं आणि मुद्दाम सांगितलं नाही.

जिन्यात उभी राहून धाकटीने हे सगळं ऐकलं होतं.

शनिवारी दुपारी थोरलीने रविवारच्या पावासाठी पीठ काढलं, तेव्हा धाकटी बाह्या सारून खाली आली आणि परातीसमोर उभी राहिली.

"उद्याचा पाव मी करणार, ताई."

"तू? अगं, तुझा हात…"

"हात माझा आहे. कसा आहे ते मला माहीत आहे."

"पण तुला कशाला त्रास? मी आहे ना."

"तेच म्हणतेय मी. तुम्ही आहात. सकाळी डोळे उघडावेत तर तुम्ही आहात. वेणीला तुम्ही, भांड्यांना तुम्ही, साधं बटण लावायलाही तुम्ही. या घरात मी आले ती बेकरीतलं काम शिकायला. किती वर्षं मी त्या स्टुलावर बसून तुमच्याकडे बघतेय?" धाकटीचा आवाज चढला नव्हता. तिने उजवा हात वर धरला. "मशीननं माझी दोन बोटं नेली. उरलेली आठ तुम्ही नेलीत."

थोरलीला खाडकन थोबाडीत बसल्यासारखं झालं. मग कसंबसं म्हणाली, "मी तुझं फेडतेय गं."

"मी मागितलं होतं? मी तेव्हा जे दिलं ते देऊन मोकळी झाले. तुम्ही ते अजून उचललंच नाहीत. दारात टाकलेल्या धोंड्यासारखं ते पडलंय, आणि येता-जाता मलाच त्याची ठेच लागतेय." तिने पिठाची परात आपल्याकडे ओढली. रागावली की धाकटी तिला ताई म्हणत नसे. "आजचा पाव मी करणार आणि उद्या तुम्ही तो खायचा. भट्टी बघायला जायचं नाही. आता बाहेर व्हा, जाऊबाई."

आणि थोरलीला तिच्याच बेकरीतून बाहेर काढून धाकटीने आतून कडी लावली.

मागच्या अंगणात उलट्या ठेवलेल्या ट्रेवर थोरली बसली. आतून आवाज येत होते. पीठ आपटल्याचा आवाज कमजोर होता. डाव्या हाताने मळत असणार. पाणी जास्त झालं असणार, नाहीतर असा चपचप आवाज येत नाही. मग काहीतरी धाडकन पडलं. थोरली उठून दारापर्यंत गेली, दारावर हात ठेवला आणि परत येऊन बसली. भट्टीतून पाव काढायची लांब दांड्याची फळी दोन्ही हातांत घट्ट धरावी लागते. ती एका हाताने कशी पेलेल? जळल्याचा वास येईपर्यंत थोरलीने तिथे जे सोसलं, तेवढं तिने भांडी घासताना कधीच सोसलं नव्हतं.

थोरला चहा घेऊन अंगणात आला. "आत कोण आहे?"

"धाकटी."

"मग तू बाहेर काय करतेस?"

"बसलेय."

लग्नापासून आजवर त्याने तिला रिकामं बसलेलं पाहिलं नव्हतं. "तब्येत बरी आहे ना?" त्याने काळजीने विचारलं.

थोरलीने कप हातात घेतला. धाकटीचं बोलणं तिच्या डोक्यात घुमत होतं. दिलं ते देऊन मोकळी झाले. याच अर्थाचं तिने दवाखान्यातही ऐकलं होतं, पण त्यावर विश्वास म्हणून कधी ठेवला नव्हता. बोलायची रीत म्हणून माणसं असं म्हणतात, असं ती धरून चालली होती. ते खरं असलं तर? तर मग एवढी वर्षं ती कुणाचं फेडत होती? हा विचार तिला मुळीच आवडला नाही आणि तिने तो चहाबरोबर गिळून टाकला.

संध्याकाळी धाकटीने दार उघडलं. कापडात गुंडाळलेला पाव तिने छातीशी धरला होता, आणि तो कुणालाही न दाखवता ती वर निघून गेली. थोरली आत गेली. भट्टीत अजून धग होती. एकदा बघूया, म्हणून तिने पिठाकडे हात पुढे केला, आणि हात पुढे केल्यावर तो रिकामा कसा राहणार? देवाच्या मेजावर जळका, कच्चा पाव कसा ठेवायचा, मंडळी काय म्हणेल, धाकटीचंच हसं होईल. असली दहा कारणं तिने स्वतःला सांगितली. अंगणात आठवलेलं बोलणं त्या दहांच्या खाली पार दबून गेलं. तिने पीठ मळलं आणि तिच्या आयुष्यातला सगळ्यात देखणा पाव त्या उरलेल्या धगीवर भाजला.

जित्याची खोड म्हणतात ती हीच.

रविवारी ती नेहमीप्रमाणे झाडलोट करायला लवकर चर्चमध्ये गेली. बाजूच्या खोलीत फळीवर धाकटीचा पाव कापडाखाली ठेवलेला होता. थोरलीने कापड उचललं. पाव एका बाजूने कलला होता, त्याच अंगाने काळा पडला होता आणि हाताला जड लागत होता, म्हणजे आतून कच्चा. वर मधोमध एक ठसा होता. भाजायला टाकायच्या आधी धाकटीने सवयीने उजव्या हाताने पाव थोपटला असणार. तळवा आणि तीन बोटं, त्यातलं एक ताठ. तो ठसा तसाच भाजला गेला होता.

थोरलीने तो पाव आपल्या पिशवीत घातला. आपला काढून कापडाखाली ठेवला. पिशवी खुंटीला अडकवली आणि बाहेर येऊन मागच्या बाकावर, दाराशी बसली.

प्रार्थना झाली, उपदेश झाला. त्यातला एक शब्द थोरलीच्या कानात शिरला नाही. मग पाळकांनी मेजावरचं कापड दूर केलं आणि दोन्ही हातांनी पाव वर उचलला. खिडकीतल्या उजेडात तो असा झळकला की पुढच्या रांगेतल्या बायांनी माना हलवल्या. थोरलीच्या भट्टीचं काम, दुसरं काय.

धाकटी पहिल्या रांगेत बसली होती. तिने पाव पाहिला. एकही ठसा नसलेला, गोल, चारी बाजूंनी सारखा भाजलेला. ती वळली नाही, कुणाकडे बघितलं नाही. तिने फक्त मांडीवरचा उजवा हात उचलला आणि शालीखाली झाकून घेतला.

मागच्या बाकावरून थोरलीला ते दिसलं. दवाखान्यातून आल्यावर सुरुवातीला धाकटी लोकांत गेली की असाच हात झाकायची. नंतर ती सवय सुटली होती. आज थोरलीने ती परत आणली होती.

दार हाताच्या अंतरावर होतं. हीच तिची नेहमी उठायची वेळ. बाहेर पडलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. धाकटी गप्प राहिली असती, जशी तेव्हाही राहिली होती. थोरलीला स्वतःची किळस आली. मी देतेय, मी देतेय म्हणत आपण हिच्याकडून घेतच आलो. आधी हात घेतला, मग काम घेतलं, आज देवासाठी केलेला पावही घेतला. आणि हे सगळं कशासाठी, तर आपण स्वच्छ दिसावं म्हणून.

ती उठली. सगळ्यांना वाटलं, चालली भट्टी बघायला. पण ती दाराकडे न जाता बाजूच्या खोलीत गेली, खुंटीवरची पिशवी घेतली आणि मधल्या वाटेने सरळ मेजाकडे चालत गेली. हट्टी बाई होती, एकदा पाऊल उचललं की मागे घेणारी नव्हती. एवढ्या वर्षांत तो हट्ट पहिल्यांदा योग्य दिशेने चालला होता.

"पाळकसाहेब, तो पाव खाली ठेवा," ती म्हणाली. "तो माझा आहे."

पाळक पाव हातात धरून बघत राहिले.

"आजचा पाव धाकटीनं केलाय. मी तो बदलला. हा घ्या तिचा." तिने पिशवीतून पाव काढला आणि मेजावर ठेवला. मागे कुजबुज झाली. थोरली मंडळीकडे वळली. आवाज तोच भट्टीवरचा होता. "आणि आणखी एक. मशीनचा खटका धाकटीनं बांधला नव्हता. मी बांधला होता. ती घाबरत होती तरी हात घाल म्हणून मीच म्हटलं होतं. माझ्यावरचं तिनं स्वतःवर घेतलं म्हणून माझी बेकरी राहिली. तुम्ही म्हणता, जाऊ असावी तर अशी. ते तिच्याबद्दल म्हणा."

तिसऱ्या रांगेत थोरल्याने चांगला कान पुढे करून धाकट्याला विचारलं, "काय म्हणाली?" धाकटा खाली मान घालून बसला होता.

बोलायचं ते बोलून झालं होतं. आता आपली जागा बाहेर, हे थोरलीने स्वतःच ठरवून टाकलं आणि ती दाराकडे वळली.

"जाऊबाई," मागून धाकटीचा आवाज आला. "कुठे निघालात? भट्टी बघायला?"

थोरली थांबली.

"मी काल काय सांगितलं होतं? तुम्ही हे सगळं सांगाल म्हणून मी पाव केला नव्हता. आधीच केला होता." धाकटीने बाकावर सरकून जागा केली. "बसा इथे."

थोरली बसली. फेडून येईन म्हणणारी बाई पहिल्या रांगेत येऊन बसली, आणि दाखवायला तिच्याजवळ काय होतं, तर चोरलेला पाव आणि जुनं खोटं. पाळकांनी थोरलीचा देखणा पाव बाजूला ठेवला आणि धाकटीचा उचलला. तो मोडताना त्यांना चांगलाच जोर लावावा लागला. बाहेरून कडक, आतून चिकट. त्यांनी पहिला तुकडा धाकटीच्या तळहातावर ठेवला, तो तिने खाल्ल्यावर पाव तिच्याकडे दिला.

आता शेजारच्याला द्यायचं होतं. धाकटीने शालीखालचा उजवा हात बाहेर काढला. डाव्या हाताने पाव मांडीवर दाबून धरला आणि उजव्या हाताच्या अंगठ्यात नि तर्जनीत कवच पकडून ओढू लागली. तुकडा निघेना. ताठ बोट मध्ये येत होतं. थोरलीचे हात आपोआप मदतीला उठले. धाकटीने नुसतं तिच्याकडे पाहिलं. थोरलीने एक हात मांडीखाली दाबून टाकला आणि दुसरा उघडून पुढे धरला. भट्टीच्या तोंडाशी उभं राहणं, पोती उचलणं, रात्रंदिवस राबणं, सगळं तिला जमलं होतं. हात पुढे धरून नुसतं वाट बघणं इतकं अवघड असतं हे तिला माहीत नव्हतं. सगळी मंडळी थांबली होती. कुणालाही घाई नव्हती.

अखेर तुकडा तुटला. नेमका काळ्या बाजूचा, आणि ठशातलं अर्धं बोट त्याच्यावर होतं. धाकटीने तो थोरलीच्या तळहातावर ठेवला.

"आतून कच्चा राहिलाय गं," थोरली पुटपुटली. सांगितल्याशिवाय तिला राहवलं नाही.

"राहिलाय. जळलाय पण," धाकटी म्हणाली. "तुमच्या दुकानात तसला फुकट असतो म्हणे. खा, ताई."

थोरलीने तो तोंडात घातला. मीठ जास्त झालं होतं, की डोळ्यांतून ओघळून आलेलं ओठांवर लागत होतं, ते तिला तेव्हा कळलं नाही. तिने तो सावकाश चावला आणि गिळला. मग धाकटीच्या हातून पाव घेतला आणि शेजारच्या म्हातारीकडे वळली. एवढ्या वर्षांत तिने कुणालाच तोडून दिलं नव्हतं; घेतल्याशिवाय देता येत नाही, अशीच ती रीत होती.

म्हातारीने तळहात पुढे केला. थोरलीने तुकडा तोडला, चांगला मोठा तोडला.